भाड्याच्या घरातला कडक पलंग आणि दोन इंची लेटेक्स टॉपर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मुंबईत फर्निश्ड फ्लॅट घेतला की पलंग बहुधा ठरलेला असतो: खाली सामानाचा बॉक्स, वर अखंड प्लायवूड, त्यावर चार इंची काथ्याची नाहीतर रिबॉन्डेड फोमची (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेली) गादी. प्लाय लवत नाही, गादी दबत नाही. पाठीवर झोपणाऱ्याचं त्यावर भागतं. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा मात्र गादीत शिरतच नाहीत, वजन त्या दोन जागांवर येतं आणि पहाटे हात बधिर होतो. मालकाची गादी टाकता येत नाही आणि अकरा महिन्यांच्या करारावर नवी गादी घ्यायला जीव होत नाही. उरतो तो टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा मऊ थर. आमच्याकडचा दोन इंची नॅचरल लेटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेल्या फोमचा आहे, ७८ बाय ६० इंच, डेन्सिटी (एका घनमीटरचं किलोतलं वजन) ७५ च्या आसपास, सुती खोळीसकट. उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा त्यावर काढून झाला.

घ्यावा, असंच मत आहे. मात्र मुंबईत टॉपर निवडताना मऊपणाच्या आधी हवा खेळते का ते बघावं. बाकी सगळे निर्णय त्यामागून येतात.

‘कडक गादी पाठीला चांगली’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जातं. २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या ३१३ जणांवरची चाचणी छापून आली होती; सगळे जुनाट कंबरदुखीचे. त्यांत कडक गादीवाल्यांपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. म्हणजे काथ्याची गादी खाली आधाराला राहू द्यायची आणि वर दोन इंच दबणारा थर द्यायचा, हा बेत पाठीच्या विरोधात जात नाही.

पैसे खर्च करण्याआधी गादी उचलून बघा. कित्येक घरांत मालकाने गादी ‘नवीच राहावी’ म्हणून कारखान्याचं प्लास्टिक काढलेलंच नसतं. त्यावर घाम जिरत नाही आणि गादी आहे त्याहून कडक लागते. मालकाला विचारून ते काढा. मग कडेचं लेबल वाचा. एका बाजूला हार्ड, दुसऱ्या बाजूला सॉफ्ट अशा गाद्या बऱ्याच असतात आणि हार्ड बाजू वर ठेवलेली असते. उलटून चार रात्री झोपा. कधी कधी तेवढ्यावरच काम होतं.

त्यानंतर खड्डा तपासा. झाडूचा सरळ दांडा गादीवर आडवा ठेवा आणि मधली फट मोजा. इंचाच्या वर असेल तर टॉपर त्या खड्ड्याचाच आकार घेईल. अशी गादी मालकाकडून बदलूनच घ्यावी लागते. शेवटी ढेकूण. गादीच्या शिवणी, प्लायचे सांधे, स्क्रूची भोकं टॉर्च लावून बघा. काळे बारीक ठिपके किंवा पापुद्र्यासारख्या काती दिसल्या तर आधी पेस्ट कंट्रोल, तेही पुन्हा एकदा करून घ्यायचं, आणि खात्री पटल्यावरच टॉपर घरात आणायचा. ढेकूण टॉपरच्या खोळीत शिरले की ते प्रकरण फार महागात पडतं. हे सगळं बघताना गादीवरच्या डागांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा, डिपॉझिट परत घेताना वाद राहत नाही.

आता टॉपर कशाचा घ्यायचा ते. मेमरी फोम दुकानात हाताने दाबला की लगेच आवडतो, पण तो तापमानावर चालतो: गारव्यात घट्ट होतो, उष्णतेने सैल पडतो. एसी २० वर लावून झोपलात तर पहिला काही वेळ तो फळीसारखा लागतो, आणि एसी बंद करून पंख्यावर झोपलात की अंग आत रुतून घाम येतो. मायक्रोफायबरचा जाड टॉपर हॉटेलसारखा वाटतो, पण खांद्याखाली लवकरच चपटा होतो. तो घरच्या वॉशिंग मशीनमध्ये मावत नाही आणि जुलैत धुतलाच तर वाळत नाही. नाक्यावरच्या पिंजाऱ्याकडून चार-पाच किलो कापसाची पातळ सिंगल गादी भरून घेणं हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे, अट एकच: गच्चीवर ऊन मिळायला हवं. उन्हाशिवाय कापसाच्या गाठी होतात आणि पावसाळ्यात तो ओल धरतो.

लेटेक्स या हवेत टिकतं ते त्याच्या भोकांमुळे. साच्यात रबर पिकवताना उष्णता सगळीकडे पोचावी म्हणून खिळे असतात. त्यांची आरपार भोकं फोममध्ये राहतात आणि त्यातून वाफ निघून जाते. शिवाय ते दाबल्यावर लगेच उसळतं, त्यामुळे रात्री कूस बदलताना जोर लावावा लागत नाही. वजन साधारण ६५ किलोपर्यंत असेल तर दोन इंच पुरतात. ८० च्या पुढे आणि कुशीवर झोपायची सवय असेल तर तीन इंच घ्या, नाहीतर खुबा खालच्या काथ्याला टेकतो. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेटेक्सच्या वाटेला जाऊ नये.

डेन्सिटी लेबलवर काहीही लिहिलेली असते, म्हणून वजन करा. लांबी, रुंदी, जाडी इंचात गुणायची आणि ६१,००० ने भागायचं, की घनमीटर येतात. किलोला त्या आकड्याने भागलं की डेन्सिटी. ७८ बाय ६० बाय २ म्हणजे सुमारे ०.१५ घनमीटर. या मापाचं ७५ डेन्सिटीचं लेटेक्स खोळीशिवाय साडेअकरा किलो भरायला हवं, ५० चा मेमरी फोम साडेसात किलोच्या पुढे. साडेचार-पाच किलोच भरला तर तो तिशीतला हलका फोम आहे, वर्षभरात बसणार. मापही पलंगाचं न घेता गादीचंच घ्या. ७२, ७५ आणि ७८ अशा तिन्ही लांब्या बाजारात आहेत.

अंथरताना टॉपर आधी पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवा, रबराचा वास आठवडाभर हळूहळू जातो. गादीचं कापड गुळगुळीत असेल तर टॉपर रोज पायाकडे सरकतो, आणि कोपऱ्यांचे इलॅस्टिक पट्टे काही महिन्यांत ढिले पडतात. ड्रॉवरमध्ये घालायची रबरी जाळी मिळते, तिच्या फूटभर रुंद तीन पट्ट्या डोकं, कंबर आणि पायाच्या रेषेत गादी आणि टॉपरच्या मध्ये आडव्या घाला. वर सुती प्रोटेक्टर आणि मग चादर. रेक्झिनसारखा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घातला तर लेटेक्सची भोकं असून नसल्यासारखी. लहान मूल असेल तर टेरी कापडाचा, मागून पातळ लेप दिलेला बघा. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: खांदा आत जातो म्हणजे डोकं तुलनेने वर राहतं, त्यामुळे जुनी जाड उशी मानेला लागायला लागते. उशी इंचभर कमी करा, नाहीतर मान दुखल्याचा दोष टॉपरवर जातो.

पावसाळ्यातली खरी ओल टॉपरमध्ये नसते, ती गादी आणि प्लायच्या मध्ये साचते. अंगाची वाफ खाली उतरते, अखंड प्लायला वाट नसते आणि गादीच्या तळाला बुरशी धरते. मालक राजी असेल तर सुताराकडून प्लायला पाऊण इंची भोकं फूट-फूट अंतरावर पाडून घ्या. नसेल तर मध्ये काथ्याची चटई घाला आणि जून ते सप्टेंबर दर आठ-दहा दिवसांनी गादी भिंतीला उभी करून दोन तास पंखा लावा. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन बोटांची फट हवीच. टॉपरला ऊन मात्र दाखवायचं नाही. थेट उन्हात लेटेक्स पिवळं पडून भुगा व्हायला लागतं, फोमचंही तेच. ही सवय कापसाच्या गादीच्या नेमकी उलट आहे आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

तक्रारी आहेत. साडेअकरा किलोचा लवलवता थर एकट्याने हलवता येत नाही, आणि कोपरा धरून ओढला तर फाटतो; दोघांनी खालून हात घालूनच उचलावा. पलंगाची उंची दोन इंचांनी वाढते, त्यामुळे घरात वयस्कर कुणी असेल तर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का ते बघून घ्या. बाजूला लाकडी कठडा असेल तर टॉपर त्याच्या वर येतो आणि कडेला बसताना घसरतो. जुन्या इलॅस्टिकच्या चादरी पुरत नाहीत, आठ इंच खोलीच्या घ्याव्या लागतात.

घर बदलताना तो घडी न घालता गुंडाळायचा, सुती चादरीत, दोन सैल नाड्यांनी. प्लास्टिक फक्त टेम्पोतल्या प्रवासापुरतं, नव्या घरी पोचल्यावर त्याच रात्री सोडवून पसरायचा.