डेटा गेलाच नव्हता, तरी रिकव्हरीचे १४,००० घेतले

सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान लेथ वर्कशॉपमध्ये हे घडलं. दिवाळीची सुट्टी संपल्यावर कॉम्प्युटर सुरू केला, तर टॅलीत शेवटचं बिल जूनमधलं. जूननंतरची एकही फाइल डेस्कटॉपवर नाही आणि कोपऱ्यातलं घड्याळ भलतंच वर्ष दाखवतंय. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचा होता, त्यामुळे मालकांनी घाईघाईत मशीन उचलून नाशिकमधल्या एका दुकानात नेलं. तिथे पाच मिनिटं बघून सांगितलं गेलं, "एसएसडी उडालीये, मदरबोर्डलाही मार बसलाय. डेटा निघेल, पण खर्च येईल." दोन दिवसांनी सगळं जसंच्या तसं परत मिळालं. बिलात डेटा रिकव्हरी १४,००० रुपये, मदरबोर्ड रिपेअर ३,८०० रुपये. जुनी हार्ड डिस्क 'खराब' म्हणून दुकानातच ठेवून घेणार होते, ती मालकांनी मागून घेतली. पुढचं सगळं त्या डिस्कमुळेच कळलं.

जूनमध्ये या मशीनला ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, लावली होती. १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज तिच्यावर क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, केलं आणि जुनी डिस्क आत तशीच ठेवली. म्हणजे त्या दिवसापासून डब्यात दोन विंडोज होती. एक रोज चालणारं, दुसरं क्लोन केलेल्या तारखेला थांबलेलं. कोणतं उठवायचं हे बायोसमधला (मदरबोर्डवरच्या, सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममधला) बूटचा, म्हणजे सुरू होण्याचा, क्रम ठरवतो. बऱ्याच बोर्डांवर, विशेषतः जुन्या, ही सेटिंग आणि घड्याळ सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटण-सेलवर टिकून असतात. मशीनला वीज असेपर्यंत हा सेल मेला तरी कुणाला कळत नाही. दिवाळीत मेन स्विच बंद राहिला, सेलमध्ये दम नव्हता, बायोस मूळ सेटिंगवर गेलं आणि त्याने जुनी डिस्क पहिली धरली. समोर आलं ते जूनमधलं विंडोज. नवा डेटा एसएसडीवर सुखरूप होता.

मग एसएसडी 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसत का नव्हती? क्लोन केलेल्या दोन डिस्कची ओळखसंख्या एकच असू शकते. अशा दोन डिस्क एकदम दिसल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन, म्हणजे जोडलेली असूनही बाजूला, ठेवतं. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट (सगळ्या डिस्कची यादी दाखवणारं पान) उघडलं की तिच्यापुढे 'ऑफलाइन' लिहिलेलं असतं, पण तिथे बघतो कोण? ग्राहकाला वाटतं डिस्क मेली, आणि समोरच्याने तसं ठामपणे सांगितलं की विश्वास बसतोच.

लक्षणं पक्की ध्यानात ठेवा. खरोखर खराब झालेली डिस्क तुम्हाला पाच महिन्यांपूर्वीचा नीटनेटका डेस्कटॉप दाखवत नाही. ती अडकते, फाइल उघडत नाही, निळी स्क्रीन येते, किंवा बायोसमध्ये तिचं नावच दिसत नाही. सगळं व्यवस्थित चालतंय पण एका ठरावीक तारखेवर थांबलंय, आणि घड्याळही चुकलंय, तर संशय आधी बूटच्या क्रमावर घ्या. खात्री करायला टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. सी ड्राइव्ह ज्या डिस्कखाली आहे, तिथे एसएसडी लिहिलंय की एचडीडी, ते वाचा. एचडीडी असेल तर मशीन चुकीच्या डिस्कवरून उठलंय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि दुकानात पैसे देण्याआधी हेच समोर करून दाखवायला सांगा.

अशा वेळी त्या विंडोजमध्ये एकही नवी नोंद करू नका. केलीत तर टॅलीचे दोन वेगळे हिशोब तयार होतात आणि ते जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'ऑफलाइन'वर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करू नका; त्याने ओळखसंख्या बदलते आणि ती डिस्क पुढे बूट होताना अडू शकते. 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' विचारलं तर नाही म्हणा. आणि कुणी "परत क्लोन मारून देतो" म्हणालं तर हात धरा. जुनी डिस्क नव्यावर क्लोन झाली की जूननंतरचं सगळं पुसलं जाईल, आणि तेव्हा मात्र डेटा खरंच जाईल.

दुरुस्ती अशी. मशीन बंद करून प्लग काढा, सेल बदला. तो किरकोळ दुकानातही मिळतो आणि पाच-पन्नास रुपयांत काम होतं. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, तारीख-वेळ लावा. बूटच्या पानावर 'विंडोज बूट मॅनेजर' हे नाव एसएसडीच्या नावासह दिसेल, ते पहिलं करा. जुन्या बोर्डांवर एक खोच असते: मुख्य यादीत हार्ड डिस्कपैकी एकच दिसते, आणि डिस्कांमधला आपसातला क्रम 'हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' नावाच्या वेगळ्या पानावर असतो. तिथे बदल न करताच "सेटिंग धरत नाही, बोर्ड गेलाय" असं सांगणारे आहेत. एफ१० दाबून सेव्ह करा. एकदाच तपासायचं असेल तर बूट मेनू वापरा: गिगाबाइट, डेल, लेनोव्होला एफ१२, असूसच्या बोर्डाला एफ८, एमएसआयला एफ११, एचपीला एफ९. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा.

एसएसडीवरून उठल्यावर मशीन बंद करा आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी, डेटाची आणि पॉवरची, काढून पुन्हा चालू करा. सुरळीत उठलं तर झालं. 'बूट डिव्हाइस नाही' असं आलं, तर बूटच्या फाइली असलेलं ईएफआय पार्टिशन जुन्याच डिस्कवर आहे. क्लोन न करता विंडोज नव्याने टाकताना जुनी डिस्क लावलेली राहिली की हे हमखास होतं. तेव्हा विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून उठून डिस्कपार्ट या विंडोजच्याच कमांडने एसएसडीवर ईएफआय पार्टिशन करायचं आणि बीसीडीबूट कमांडने बूटच्या फाइली तिथे लिहायच्या. जाणकाराला अर्ध्या तासाचं काम. यात मदरबोर्डचा संबंध कुठेच येत नाही.

आता या बिलाकडे वळू. एसएसडीचा सीरियल नंबर जूनच्या बिलावरचाच निघाला, म्हणजे 'उडालेली' डिस्कच परत बसवली होती. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये तिची तब्येत 'गुड'. जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून तिच्यावरची इव्हेंट लॉगची (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदींची) फाइल उघडली. ६००५ क्रमांकाची नोंद विंडोज सुरू झालं की पडते. त्या नोंदी जूनपर्यंत रोज होत्या, मग पाच महिने काहीच नाही, आणि मग थेट दिवाळीनंतरच्या सकाळची, घड्याळातल्या चुकीच्या वर्षाची नोंद. एसएसडीवर मात्र मधल्या प्रत्येक कामाच्या दिवसाची नोंद. बोर्डावर सगळीकडे लोखंडाची बारीक काळी धूळ, डाग दिल्याची कुठे खूण नाही, फक्त सेल तेवढा नवा आणि चकचकीत.

मशीन देताना प्रत्येक डिस्कच्या लेबलचा फोटो काढा. बिलात काय काम केलं ते शब्दांत लिहून घ्या. 'रिकव्हरी' लिहिलं असेल तर कोणत्या डिस्कवरून, कोणत्या डिस्कवर, हे विचारा. फसवणूक झालीच तर आधी लेखी तक्रार दुकानाला, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि पुढे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. धंद्याचं मशीन असेल तर समोरचा 'व्यावसायिक हेतू'चा मुद्दा काढतो. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहकच मानलं आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.