व्हँकुव्हरचे फर्स्ट नेशन्स लाँगहाउस: आदिवासी विद्यार्थ्यांचे हक्काचे घर

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा व्हँकुव्हर परिसर मस्क्वीम या आदिवासी लोकांच्या भूमीवर उभा आहे, आणि तेथील फर्स्ट नेशन्स लाँगहाउस, म्हणजे कॅनडातील आदिवासी समाजांच्या पारंपरिक लांबट सामुदायिक घराच्या धर्तीवरची वास्तू, १९९३ साली आदिवासी विद्यार्थ्यांसाठी खुली झाली. देवदाराचे अजस्र ओंडके आणि वेगवेगळ्या समाजांच्या कलावंतांनी कोरलेले खांब यांमुळे तिचे मुख्य सभागृह पाहताक्षणी मनात भरते. पण मला अधिक मोलाचे वाटते ते हे की, ज्येष्ठांची खोली, स्वयंपाकघर आणि पाळणाघर यांचा विचार आराखड्यातच झाला होता. लहान मूल घेऊन दूरच्या वस्तीतून शिकायला आलेल्या आईला शिष्यवृत्तीइतकीच पाळणाघराची गरज असते, हे अनेक विद्यापीठांच्या गावीही नसते.

शेजारचे ह्वेह्वा हे आदिवासीविषयक ग्रंथालय तर आवर्जून पाहावे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या पुस्तक-वर्गीकरणात आदिवासींविषयीची बहुतेक पुस्तके अमेरिकेच्या इतिहासात ढकलली जातात, जणू हे लोक आज हयातच नाहीत; येथे मात्र मोहॉक या आदिवासी समाजातील ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७० च्या दशकात घडवलेली पद्धत स्थानिक गरजेनुसार बदलून वापरली जाते आणि प्रत्यक्षात शेजारी नांदणारे समाज फडताळावरही शेजारीच भेटतात. आपल्या लोकांचे पुस्तक शोधणाऱ्या विद्यार्थ्याला यातून मिळणारा आदर कोणत्याही स्वागतपर भाषणापेक्षा मोठा आहे.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्र उभारू पाहणाऱ्या प्रत्येक कुलगुरूंनी ही दोन्ही ठिकाणे सवडीने पाहावीत, अशी माझी मनापासून शिफारस आहे.