शिसं ‘खाणारे’ जीवाणू आणि आमचा झालेला पोपट

काचेच्या पेल्यात मूठभर माती, वरून त्याच्या कॅनमधलं तपकिरी द्रावण, आणि दोन सेकंदांत सगळं फसफसत काठापर्यंत आलं. “बघा, लागले कामाला,” तो म्हणाला. “शिसं खाताहेत.” आम्ही चौदा-पंधरा जण पेल्यावर वाकलो होतो. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बहुतेक मीच.

आमच्या घरांमागे एक मोकळा तुकडा आहे. पूर्वी तिथे शेड होती आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं काम चालायचं. शेड गेली, गवत माजलं, मुलं खेळायला लागली. तिथे सगळ्यांची मिळून भाजीबाग करायची असं ठरलं. “आधी माती तपासा,” असा हट्ट एका काकूंनी धरला नसता तर आम्ही थेट वाफेच पाडले असते. नेहमीचं माती परीक्षण नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू सांगतं, जड धातूंबद्दल त्यात अवाक्षर नसतं, हेही काकूंनीच सांगितलं. धातूंची वेगळी तपासणी केली. शिसं दर किलोला ६४० मिलिग्रॅम. स्वच्छ मातीत हा आकडा साधारणपणे ५० च्या आत असतो.

घाबरलेल्या माणसाला गिऱ्हाईक करणं सोपं. कुणाच्या तरी ओळखीने हा गृहस्थ आला. बोलायला गोड, हातात जाड फाइल. त्याची अर्धी गोष्ट खरी होती, म्हणून तर आम्ही फसलो. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्झॉन वाल्डीझ जहाजातलं तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर खत टाकून तिथल्याच तेल खाणाऱ्या जीवाणूंना जोर दिला होता. खरं आहे. एक नेचा मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. तेही खरं. मग तो हळूच म्हणाला, “तसंच हे.”

तसंच नव्हतं. तेल म्हणजे कार्बनची साखळी, जीवाणू ती तोडतात आणि त्यावर जगतात. शिसं हे मूलद्रव्य. त्याला तोडणार काय आणि खाणार काय? जीवाणू फार तर त्याचं रूप बदलतील, त्याला कमी-जास्त विरघळणारं करतील, पण ते मातीतच राहणार. नेच्याने आर्सेनिक शोषलं तरी ते नाहीसं होत नाही, पानात जातं. ती पानं कापून सांभाळून दूर न्यावी लागतात आणि हे वर्षानुवर्षं करावं लागतं. शाळेत शिकलेलं होतं हे सगळं. पण फेस डोळ्यांसमोर असला की शाळा आठवत नाही.

त्याने तीन फवारे मारले. सहा आठवड्यांनी ‘नंतरचा’ अहवाल आणला: शिसं ०.४. ६४० वरून ०.४! आम्ही उरलेले पैसे दिले, वर समाधानाचं पत्र लिहून दिलं आणि रिकाम्या वाफ्यांसमोर हसत उभे राहून फोटोही काढू दिला. त्या पत्राची आणि फोटोची मला पैशांपेक्षा जास्त लाज वाटते.

चूक पकडली आमच्या खजिनदारांनी. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासलेला माणूस, आकड्याआधी रकान्याचं डोकं वाचतो. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून ते म्हणाले, “अहो, पहिल्यात ‘प्रति किलो’ आहे, दुसऱ्यात ‘प्रति लिटर’. माती लिटरमध्ये कधीपासून मोजायला लागले?”

प्रयोगशाळेला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की अहवाल खरा आहे. माती साध्या पाण्यात घुसळायची, गाळायची आणि त्या पाण्यात किती शिसं उतरलं ते मोजायचं, अशी चाचणी त्यांच्याकडे मागितली होती. तशी त्यांनी केली. पहिल्या तपासणीत माती तीव्र आम्लात उकळून तिच्यातलं जवळजवळ सगळं शिसं मोजलं होतं. शिसं मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, साध्या पाण्यात फारसं उतरतच नाही. फवारणीआधी हीच पाण्याची चाचणी केली असती तरी आकडा असाच नगण्य आला असता. पण खेळताना मातीचा हात तोंडात घालणाऱ्या पोराच्या पोटात साधं पाणी नसतं, आम्ल असतं.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘नमुना ग्राहकाने आणून दिला.’ ग्राहक म्हणजे तो, आम्ही नव्हे. ती माती आमच्याच जागेतली होती की नाही, देव जाणे. कोणताही कागद खोटा नव्हता. खोटं होतं ते दोन कागद एकाखाली एक ठेवणं.

मग आम्ही स्वतः नमुने घेतले. या वेळी जागेचे सहा भाग पाडले आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा ठेवला, कारण सगळी माती एकत्र कालवली की एखादा भयंकर कोपरा सरासरीत लपून जातो. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा ठिकाणी वरची वीतभर माती काढली, स्वच्छ घमेल्यात मिसळली, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, असं करत अर्धा किलो उरवली. पिशवीवर काकूंची सही. पाच भागांत आकडे पूर्वीच्याच आसपास. सहावा भाग, जुन्या शेडच्या दाराशी, २,१००. तिथे खुरप्याला बॅटरीच्या काळ्या कवचाचे तुकडे लागत होते. मुलं तिथेच गोट्या खेळायची.

मुलांची रक्ततपासणी करून घेतली. ते आकडे इथे लिहीत नाही.

आणि तो फेस? एका रविवारी मी त्याच मातीवर घरातलं व्हिनेगर ओतलं. तस्साच फसफसला. मातीत चुनखडी असली की कुठल्याही आम्लाने कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, एवढंच. उरलेल्या कॅनमध्ये लिटमस बुडवला तर लालभडक. म्हणजे शिशाच्या मातीवर आम्ही पैसे मोजून आम्ल मारून घेतलं. आम्लाने उलट धरून बसलेलं शिसं सुटं व्हायला मदत होते.

तो पळून गेला नाही, हे विशेष. फोन उचलायचा, नम्रपणे बोलायचा. “तुमची माती हट्टी आहे, दुसरा डोस लागेल.” करारात ‘परिणाम मातीच्या प्रकृतीवर अवलंबून’ असं वाक्य होतं आणि सही आमची होती. पैसे आले नाहीत.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, त्यात फसफसत काहीच नाही. दाराजवळच्या कोपऱ्याला कुंपण घातलं. ती माती उचलून दुसरीकडे टाकायची सूचना आली होती, पण मग ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुलांची झाली असती. तिथे जाणकारांकडून रीतसर काम व्हावं म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिलाय, पाठपुरावा चालू आहे. बाकी जागेवर दाट गवत आणि पालापाचोळ्याचा थर, म्हणजे धूळ उडत नाही. भाजीसाठी जमिनीच्या वर उंच वाफे बांधले, तळाशी जाड कापड, त्यावर बाहेरून आणलेली माती. ती गाडीतून उतरवण्याआधी तपासली, उतरवल्यावर नव्हे. त्यावरून गाडीवाल्याशी भांडण झालं ते झालं. चपला दाराबाहेर, हात धुतल्याशिवाय आत नाही.

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. दुसऱ्या एका वस्तीतले गृहस्थ. त्याच्या फाइलमध्ये आमचा हसरा फोटो आणि पत्र बघून त्यांनी माझा नंबर शोधला होता. “तुमचं शिसं खरंच गेलं का हो?”

“दोन अहवाल दाखवले असतील ना त्याने? दुसऱ्यात आकड्यापुढे काय लिहिलंय, वाचा.”

कागद चाळल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

“लिटर,” ते म्हणाले.