‘लिलाव’ बाद करणारा खेळ

मे महिन्यात नात सुट्टीला आली. तिच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानातून मराठी शब्द जुळवायचा खेळ आणला, साडेचारशे रुपयांना. एक पट, अक्षरांच्या जाड चकत्या, आणि त्यांच्यावर ठेवायच्या काना-मात्रा-वेलांट्यांच्या पातळ पारदर्शक पट्ट्या. आधीच सांगतो, हा पंखा बंद करून खेळायचा खेळ आहे. पहिल्याच संध्याकाळी दोन उकार सोफ्याखाली उडाले. एक अजून सापडलेला नाही.

माझं भांडण मात्र उकाराशी नाही.

तिसऱ्या डावात हाताशी दोन ल, एक व, काना आणि पहिली वेलांटी आली. मी ‘लिलाव’ लावला, मधला ‘ला’ नेमका तिप्पट गुणांच्या घरावर. बाजार समितीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. ट्रॅक्टरच्या रांगा, ट्रॉलीतला उन्हाळ कांदा उचलून दाबून बघणारे व्यापारी, चढत जाणारी बोली, आणि मागे वहीत भाव टिपणारा मी. हा शब्द मला झोपेतही लागला असता. नातीने पुस्तिका उघडली. “आबा, बाद! परकीय शब्द आहे.” खरंच, ‘न चालणारे शब्द’ या पानावर टेबल-पेनच्या पंगतीत लिलाव बसवला होता.

दुसऱ्या दिवशी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन कोश काढला. (वाचनालय १८४० सालचं, त्यामुळे तिथे मीही तरुण वाटतो.) शब्द पोर्तुगीज, हे खरं. मूळ ‘लेइलांव’, आणि त्याच्याही मागे ‘जाहीर करणे’ अशा अर्थाचा अरबी शब्द. म्हणजे पुकारा आधीपासून त्याच्या पोटात होताच. हिंदीने त्याचं नीलाम केलं. आपण शेवटचा नाकातला सूर सोडला आणि ‘आव’ ठेवला. अगदी हेच आपण ‘पांव’चं ‘पाव’ करताना केलं.

घरी येऊन पुस्तिका पुन्हा उघडली, तर नमुन्याच्या डावात आडवा ‘पाव’, उभी ‘पाटी’ आणि कोपऱ्यात ‘चावी’! चावीही पोर्तुगीज. इतकंच काय, न चालणाऱ्या शब्दांच्या पानावरच लिहिलंय, ‘यादी अपूर्ण आहे’. त्यातली ‘यादी’ फारसी. नाशकात मिसळीबरोबर काय खायचं ते आता पुस्तिकावाल्यांनीच सांगावं.

दुसरी तक्रार ळ ची. अख्ख्या संचात एकच ळ, आणि त्याला आठ गुण. इंग्रजी स्क्रॅबल तयार करताना आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली होती, म्हणून त्याच्या १०० चकत्यांत ‘ई’ १२ आहेत आणि ‘क्यू’ एकच. इथे कुणी मोजदाद केलेली दिसत नाही. डाळ, केळी, काळा, माळ, सकाळ. ळ म्हणजे आपला क्यू नव्हे हो! माझ्या मते निदान चार हवेत, दोन-दोन गुणांचे. उलट ‘ङ’ची चकती दिली आहे. तिचं काय करायचं ते नातीला विचारलं, तर ती म्हणाली, “ड हरवला की वापरू.”

बाकी वस्तू चांगली. पट जाड आहे, अक्षरं ठसठशीत, चष्म्याशिवाय दिसतात. जोडाक्षरासाठी अर्ध्या अक्षरांची वेगळी पिशवी आहे, ती युक्ती मला फार आवडली. शब्दकोड्यात ‘लि’ एका घरात अडकली की उभ्या शब्दातही ‘लि’च शोधावी लागते. इथे तोच नियम, पण वेलांटी हाताने ठेवायची असल्यामुळे पोरांना ती कुठली, पहिली की दुसरी, हे आपोआप कळतं. इंग्रजी माध्यमातली आमची नात चार दिवसांत ऱ्हस्व-दीर्घावरून माझ्याशी वाद घालायला लागली.

ते ‘न चालणारे शब्द’चं पान आम्ही स्टेपल करून बंद केलंय. काल तिने ‘पगार’ लावला आणि माझ्याकडे बघत बसली. तोही पोर्तुगीजच. मी चौतीस वर्षं तो घेतला असल्यामुळे गुपचूप गुण लिहिले.