उतरलेले दार घरीच सरळ केले : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या जुन्या हॅचबॅकचे चालकाच्या बाजूचे दार मागच्या टोकाला उतरले होते. ते उचलून आपटल्याशिवाय लागत नसे, आणि मुंबई महामार्गावर गाडीने ऐंशीचा वेग ओलांडला की काचेच्या वरच्या कोपऱ्यातून वाऱ्याची शिट्टी सुरू होई. एका गॅरेजमध्ये ते गुडघ्याने रेटून सरळ करून दिले होते. ते महिनाभरही टिकले नाही आणि खालच्या कडेचा रंग मात्र तडकला. त्यानंतर फेब्रुवारीत नाशिकच्या सातपूरहून हत्यारे आणून मी हे काम इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतः केले. आता पूर्ण पावसाळा उलटल्यावर त्या हत्यारांविषयी आणि कामाविषयी खात्रीने लिहिता येते.

सर्वांत आधी दार अर्धे उघडून त्याचे मागचे टोक हाताने वर उचलून पाहावे. बिजागरीच्या पिनेतच खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजलेले असतात आणि कितीही जुळवणी केली तरी दार पुन्हा उतरते. माझ्या दारात खेळ नव्हता. बिजागरीच आपल्या जागेवरून सरकली होती.

बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीच्या कडेने मार्करची बारीक रेघ मारली. मग दारामागच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे कुलूप ज्यात अडकते ती कडी, काढून ठेवली. ही पायरी अनेक जण गाळतात. पण स्ट्रायकर जागेवर असेल तर तोच दाराला उचलून धरतो आणि दार मुळात किती उतरले आहे हे कळतच नाही. त्याचे बोल्ट चांदणीच्या खाचेचे असल्यामुळे टॉर्क्स बिट अचूक मापाचीच हवी, कारण ढिल्या बिटने खाच गोल झाली की बोल्ट निघणे कठीण होते.

दार उचलायला नव्या, चाकांवर सरकणाऱ्या ट्रॉली जॅकपेक्षा गाडीसोबत मिळालेला स्क्रूचा जॅकच सरस ठरला. त्यावर लाकडी ठोकळा आणि जुनी चादर ठेवून अर्धा अर्धा फेरा दिला की दार अगदी अलगद वर येते. वरच्या बिजागरीचे पुढच्या खांबाकडचे बोल्ट फक्त सैल केले होते. बिजागऱ्यांमध्ये साधारण चाळीस सेंटिमीटर अंतर आणि दाराची लांबी मीटरभर, त्यामुळे बिजागरीपाशी १ मिलिमीटर सरकले की मागचे टोक अडीच मिलिमीटर उचलले जाते. घाई केली तर काम हातचे जाते. फट मोजायला मी सपाट एटीएम कार्डे वापरली. एक कार्ड ०.७६ मिलिमीटरचे, म्हणजे सहा कार्डे मिळून साधारण साडेचार. मागच्या दाराशी असलेली फट वरपासून खालपर्यंत तेवढी झाल्यावर दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्यावर टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) बोल्ट आवळले आणि स्ट्रायकर सर्वांत शेवटी बसवला.

दाराच्या कडेच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावले आणि ती ओढून पाहिली. वरच्या मागच्या कोपऱ्यात ती सहज निसटली, म्हणून स्ट्रायकर किंचित आत घेतला.

जुलैत त्र्यंबकच्या रस्त्यावर मुसळधार पाऊस लागला, तरी पायाखालची मॅट कोरडी राहिली. शिट्टी बंद आहे, दार दोन बोटांनी लागते आणि मार्करच्या नव्या रेघेवरून बिजागरी हललेली नाही. डाव्या मागच्या दाराच्या पिनेत मात्र आता खेळ जाणवतो. तिथे जुळवणी न करता बुशच बदलणार आहे.