जिवंत पेशी दाखवणारा साडेपाच हजारांचा सूक्ष्मदर्शक

नववीतल्या मुलीसाठी गेल्या महिन्यात नाशिकमधील प्रयोगशाळा-साहित्याच्या एका दुकानातून हा विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक घेतला. वर्धन ४०, १०० व ४०० पट, खाली एलईडी दिवा आणि प्रकाश नियंत्रित करणारा डायफ्रॅम. हा डायफ्रॅम मला त्या वेळी किरकोळ वाटला होता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही लासलगावच्या कांद्याचा पापुद्रा काढून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. पेशींच्या रांगा आणि प्रत्येकीतले केंद्रक अगदी स्पष्ट दिसले. परंतु आयोडीनने पेशी मरते, त्यामुळे ते चित्र निश्चल होते. दुसऱ्या दिवशी ताजा पापुद्रा नुसत्या पाण्यात ठेवून ४०० पटीवर पाहिला. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असल्याने सुरुवातीला काहीच हाती लागेना. डायफ्रॅम बराचसा मिटल्यावर मात्र भित्तिकेलगत पेशीद्रवाच्या बारीक धारा उमटल्या आणि त्यांतून कण एकामागोमाग वाहताना दिसू लागले, शेजारच्याच धारेत तर उलट दिशेने. पेशीतील ॲक्टिनच्या तंतूंवरून मायोसिन ही प्रथिने पावले टाकत जातात, पावलागणिक एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतात, आणि त्यांच्या ओढीने भोवतालचे द्रवही वाहू लागते. ही प्रथिने या यंत्रातून दिसत नाहीत, पण त्यांचे काम दिसते, आणि ते पाहताना मी खरोखर स्तब्ध झालो. त्याच पेशीच्या केंद्रकात, मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांएवढ्या जागेत, सुमारे ११ मीटर डीएनए गुंडाळलेला असतो. माणसाच्या पेशीत तो सुमारे २ मीटर असतो. एवढ्या लांबीतून पेशी हवा तोच भाग उलगडून वाचते, हे ठाऊक असूनही मला अजून पुरते पचलेले नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. स्थूल समायोजनाचा स्क्रू ढिला होता, त्यामुळे मंच हळूहळू खाली सरकून प्रतिमा धूसर होई. दुकानात तो आवळून मिळाला. सोबतच्या तयार काचपट्ट्यांचा रंग इतका उडालेला आहे की त्यांचा उपयोग नाही.

खरेदीला जाताना कांदा सोबत न्यावा आणि डायफ्रॅम मिटवून बिनरंगाचा पापुद्रा दुकानातच पाहावा. त्या धारा दिसायला कधी दहा मिनिटे लागतात. विक्रेता तेवढा वेळ देत नसेल, तर दुसरे दुकान गाठावे.