अमेरिकेतील जुन्या जमीन सनदांचे संकेतस्थळ : एका निवृत्त भूकरमापकाचे परीक्षण

अमेरिकेतील ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खाते ‘जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स’ या नावाचे एक संकेतस्थळ चालवते. केंद्र सरकारने खासगी माणसांच्या नावे केलेल्या जमिनींच्या १७८८ पासूनच्या पन्नास लाखांहून अधिक नोंदी त्यावर ठेवलेल्या आहेत आणि त्या कोणालाही पैसे न भरता पाहता येतात. नेब्रास्कात राहणाऱ्या माझ्या नातीला शाळेसाठी आपल्या परिसरातील पहिल्या वसाहतकऱ्यांचा इतिहास मूळ कागदपत्रांवरून लिहायचा होता. माझी सारी नोकरी नाशिक जिल्ह्यात भूमी अभिलेखांत गेल्यामुळे तिने ते काम हक्काने माझ्याकडे आणले. आपल्याकडील अनेक घरांतील मुले-नातवंडे आज त्या प्रदेशात आहेत आणि नाशिकमध्ये जमिनीच्या जुन्या कागदांचा अभ्यास करणारेही बरेच आहेत. या दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून या सेवेचे गुण आणि तिच्या मर्यादा येथे सविस्तर मांडत आहे.

हे अभिलेख वाचण्यापूर्वी ज्या कायद्यातून त्यांतील मोठा भाग जन्मला तो कायदा समजून घ्यावा लागतो. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला, मग तो नागरिक असो वा नागरिक होण्याचा इरादा त्याने रीतसर जाहीर केलेला असो, १६० एकरांपर्यंत सरकारी जमिनीवर दावा नोंदवता येई. अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांनाही हा हक्क होता. दावेदाराने त्या जमिनीवर घर बांधून पाच वर्षे राहावे, जमीन कसावी आणि शेवटी दोन साक्षीदारांसह पुरावा द्यावा, अशा अटी होत्या. साऱ्या शुल्काची बेरीज मूळ कायद्यानुसार अवघी १८ डॉलर होई. या मार्गाने पुढे सुमारे १६ लाख दावे सनदेपर्यंत, म्हणजे जमिनीची मालकी देणाऱ्या सरकारी दस्तापर्यंत पोहोचले आणि सुमारे २७ कोटी एकर जमीन, म्हणजे त्या देशाच्या एकूण क्षेत्राचा जवळजवळ दहावा हिस्सा, वाटली गेली.

संकेतस्थळावर शोध दोन प्रकारे घेता येतो : राज्य, काउंटी (म्हणजे तेथील जिल्हा) आणि माणसाचे नाव देऊन, किंवा जमिनीचे वर्णन देऊन. माझे स्पष्ट मत असे आहे की जमीन माहीत असेल तर नावाच्या वाटेला जाऊच नये. त्या गवताळ मैदानांवर जर्मन, चेक, स्वीडिश कुटुंबे मोठ्या संख्येने आली आणि त्यांची आडनावे कारकुनांनी ऐकली तशी लिहिली. एकच कुटुंब दोन कागदांवर दोन स्पेलिंगांनी सापडणे ही तेथील नेहमीची गोष्ट आहे. जमिनीचे वर्णन मात्र बदलत नाही. संपूर्ण प्रदेश आधी सहा मैल बाजूच्या चौकोनांत मोजला गेला. अशा प्रत्येक चौकोनाला टाउनशिप म्हणतात. तिचे एकेक चौरस मैलाचे, ६४० एकरांचे ३६ विभाग पाडले गेले आणि विभागाचा चौथा हिस्सा म्हणजे बरोबर १६० एकर. विभागांचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यापासून सुरू होतात, पहिल्या ओळीत पश्चिमेकडे जातात, दुसऱ्या ओळीत पूर्वेकडे वळतात आणि असेच नागमोडी खाली उतरतात. हा क्रम एकदा डोक्यात बसला की कोणत्याही सनदेवरील जमीन कागदावर पेन्सिलीने काढून दाखवता येते.

मोजणी खात्यातल्या माणसाला या मांडणीचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. निफाड किंवा सिन्नर तालुक्यातील एखाद्या शेताचा इतिहास काढायचा तर एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झालेले असतात, त्यामुळे आधी एकत्रीकरणाचा उतारा काढून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालावा लागतो आणि मगच मागचे फेरफार हाती लागतात. नेब्रास्कात १८६० च्या दशकातील सनदेवर जो विभाग क्रमांक आहे तोच आजच्या नकाशावरही आहे, आणि संकेतस्थळ तो विभाग आधुनिक नकाशावर आखूनही दाखवते. मोजमापेही आपल्याला परकी नाहीत. त्यांची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ फुटांची. आपल्या साखळीचा एक चौरस म्हणजे गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. त्यांच्या साखळीचे दहा चौरस म्हणजे तोच एकर. सनदेवर एकर दिसले की गुंठ्यांत विचार करणाऱ्या आपल्या माणसाला वेगळे गणित मांडावे लागत नाही.

प्रत्यक्ष नोंद कशी दिसते ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून सांगतो. डॅनियल फ्रीमन याने १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी, नेब्रास्कातील ब्राउनव्हिल येथील जमीन कार्यालयात दावा नोंदवला. पहिला होमस्टेडर म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. गेज काउंटीतील बीट्रिस गावाजवळची त्याची जमीन १९३६ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाली आणि आज ती होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क म्हणून जपलेली आहे. सनद १८६९ ची आहे. जमीन टाउनशिप चार उत्तर, रेंज पाच पूर्व, म्हणजे मोजणीच्या आधाररेषांपासून उत्तरेकडे चौथ्या आणि पूर्वेकडे पाचव्या चौकोनातील विभाग २६ मध्ये आहे : वायव्य चतुर्थांशाचा दक्षिणार्ध, त्याच चतुर्थांशातील ईशान्येचे चाळीस एकर आणि ईशान्य चतुर्थांशातील नैर्ऋत्येचे चाळीस एकर. एकूण १६० एकर, पण सलग चौकोन मात्र नाही. हे तुकडे नकाशावर ठेवून पाहिले की कब क्रीक हा ओढा आणि त्याच्या काठची झाडी नजरेत भरते. सरपणाला आणि घराला लाकूड मिळणे कठीण अशा त्या माळावर, पाणी आणि झाडे पाहूनच माणसाने जमीन निवडली, हे वाकड्यातिकड्या आकारावरूनच कळते. नातीला मी हाच धडा सर्वांत आधी दिला : नाव वाचण्यापूर्वी जमिनीचा आकार काढ.

नोंदीच्या पानावर सनदेची तारीख, दस्ताचा क्रमांक, जमीन कोणत्या कायद्याखाली दिली तो कायदा, जमीन कार्यालय आणि क्षेत्र हे सारे नीट रकान्यांत दिलेले असते आणि शेजारीच मूळ सनदेची प्रतिमा उघडते. कायद्याचा रकाना अवश्य वाचावा, कारण पैसे भरून विकत घेतलेली जमीन, सैनिकी सेवेबद्दल मिळालेली जमीन आणि होमस्टेडची जमीन यांच्या सनदा दिसायला सारख्याच असतात. त्या रकान्यात २० मे १८६२ ही तारीख असेल तरच मूळ होमस्टेड कायद्याचा मार्ग समजावा. राष्ट्राध्यक्षांच्या सहीचेही तसेच आहे : १८३३ नंतर त्यांच्या वतीने सचिव सही करीत, तेव्हा घरी अशी सनद असलेल्यांनी ती राष्ट्राध्यक्षांच्या हातची मानू नये.

या संकेतस्थळाबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की येथे मिळते ती सनद, आणि सनद हा प्रकरणाचा शेवटचा कागद असतो. माणूस कुठून आला, घरात कोण होते, किती जमीन नांगरली, यांपैकी काहीही तिच्यावर नसते. ते सारे त्या दाव्याच्या मूळ फाइलमध्ये असते आणि त्या फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडे ज्याने फक्त सातबारा पाहिला आणि फेरफारामागचे जबाब पाहिले नाहीत, त्याला जमीन कोणाची हे कळते, पण ती त्याच्याकडे कशी आली ते कळत नाही. येथेही तसेच आहे. फ्रीमनच्याच फाइलमध्ये दोन शेजाऱ्यांचा २० जानेवारी १८६८ चा जबाब आहे. घर १४ बाय २० फुटांचे, एकमजली, काही भाग ओंडक्यांचा आणि काही फळ्यांच्या सांगाड्याचा. दोन दारे, दोन खिडक्या, फळ्यांची जमीन. सुमारे ३५ एकर नांगरून कुंपण घातलेले. तबेला, मक्याची कणगी आणि शंभर फूट लांबीचा मेंढ्यांचा गोठा. सफरचंदाची ४० आणि पीचची सुमारे ४०० झाडे लावलेली. पंचनामे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यातली प्रत्येक ओळ बोलकी वाटते. १६० एकरांपैकी पाच वर्षांत नांगराखाली आली ती पस्तीसच, या एका आकड्यात त्या माळाच्या घट्ट मातीचा आणि माणसांच्या कष्टाचा हिशेब आहे.

म्हणून या संकेतस्थळाचा खरा उपयोग फाइलपर्यंत पोहोचण्यासाठी करावा. राज्य, जमीन कार्यालयाचे नाव, अंतिम प्रमाणपत्राचा (म्हणजे पुरावा मान्य झाल्यावर मिळणाऱ्या दाखल्याचा) क्रमांक, जमिनीचे वर्णन आणि दावेदाराचे नाव येथून टिपून घेतले की राष्ट्रीय अभिलेखागाराकडे शुल्क भरून फाइलची प्रत मागवता येते. १९०८ नंतरच्या सनदांना अनुक्रमांक असतो आणि त्यांच्या बाबतीत तोच पुरतो. नेब्रास्काच्या बाबतीत सुदैव असे की त्या राज्याच्या होमस्टेड फाइलींचे डिजिटायझेशन झाले आहे आणि त्या वंशावळींच्या मोठ्या संकेतस्थळांवर घरबसल्या वाचता येतात. परदेशातून आलेल्या दावेदाराच्या फाइलमध्ये नागरिकत्वाचे कागदही जोडलेले असतात आणि कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याला त्यांच्यामुळे पुढची वाट मिळते.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. सनद मिळाली तोच येथे दिसतो. टोळधाडीने, दुष्काळाने, कर्जाने किंवा एकटेपणाने खचून दावा सोडून गेलेली हजारो कुटुंबे या संकेतस्थळापुरती अस्तित्वातच नाहीत. त्यांचा माग जमीन कार्यालयांच्या ट्रॅक्ट बुकांत, म्हणजे जागेवार नोंदवह्यांत लागतो. तेथे प्रत्येक तुकड्यावर एकामागून एक झालेले दावे आणि रद्द झालेल्यांचे शेरे लिहिलेले आहेत. या वह्यांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. अक्षर कठीण आहे, सूची अपुरी आहे, तरीही ज्याला गावाचा खरा इतिहास लिहायचा आहे त्याने हे कष्ट घ्यावेतच. एकाच तुकड्यावर तीन नावे खोडलेली आणि चौथ्याला सनद, असे पान पाहिल्यावर पहिला वसाहतकरी कोण, या प्रश्नाचे उत्तर सनदेवर सोपवता येत नाही. १८७९ च्या कायद्याने अंतिम पुराव्याची जाहीर नोटीस स्थानिक वर्तमानपत्रात छापणेही बंधनकारक झाले. दावेदाराचे नाव, जमीन आणि साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांची नावे अशा नोटिशीत असल्याने त्या काळातील शेजार कसा होता हे त्यांवरून उभे करता येते. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या मोफत संग्रहात त्या शोधाव्यात.

त्याही आधी तेथे कोण होते, हा प्रश्न मी नातीच्या निबंधात आग्रहाने घालायला लावला. आग्नेय नेब्रास्कातील ही जमीन ओटो-मिसुरिया लोकांची होती. १८५४ च्या कराराने त्यांनी तिचा मोठा भाग अमेरिकी सरकारला दिला. बिग ब्लू नदीकाठी त्यांच्यासाठी जो राखीव प्रदेश उरला तोही पुढे विकला गेला आणि १८८० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. सनदेवर याचे एक अक्षरही नाही. पेठ आणि सुरगाण्याच्या जंगलपट्ट्यात मोजणी केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही : वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असते आणि कागद मात्र ज्या दिवशी सरकारी साखळी पडली त्या दिवसापासून सुरू होतो. संकेतस्थळावरील मूळ मोजणीचे नकाशे यासाठी जरूर पाहावेत, कारण वसाहत होण्यापूर्वीच्या पायवाटा, ओढे आणि क्वचित वस्त्यांच्या खुणा त्यांवर दाखवलेल्या असतात.

वंशावळ शोधून देणाऱ्या एका खासगी सेवेने याच मोफत सनदेच्या प्रतीसाठी आमच्याकडे पैसे मागितले होते, म्हणून सावध करतो : सनदेची प्रतिमा सरकारी संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येते, पैसे द्यावे लागतात ते मूळ फाइलच्या प्रतीसाठी. सनदेनंतरच्या खरेदी-विक्री, गहाण, वारस यांच्या नोंदी या संकेतस्थळावर नाहीत. त्या संबंधित काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात शोधाव्या लागतात.

आपले नातलग कोणत्या राज्यात आहेत हे पाहूनच शोध सुरू करावा. केंद्र सरकारच्या मालकीची जमीन वाटली गेली अशी ३० राज्ये या संकेतस्थळात येतात. मूळ तेरा वसाहती, टेक्सास, हवाई, केंटकी, टेनेसी आदी २० राज्ये त्यात नाहीत, आणि टेक्सासचे तर स्वतःचे जमीन कार्यालय व स्वतंत्र अभिलेख आहेत. मुले सास्काचेवान, अल्बर्टा किंवा मॅनिटोबात असतील तर कॅनडाचा १८७२ चा डोमिनियन लँड्स कायदा लागू होतो. तेथेही १६० एकरच होते, पण शुल्क १० डॉलर आणि वास्तव्याची अट तीन वर्षांची. त्या सनदांसाठी लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाचा १८७० ते १९३० या काळातील पश्चिम कॅनडाच्या जमीन अनुदानांचा संग्रह पाहावा.